भंडारा उचलला आणि गोळी सोडली

आमच्याकडं कुणी "झोप लागंना झालीया" म्हणालं, की समोरचा लगेच खिशात हात घालतो. "ही घ्या अर्धी. लय भारी हाय." तंबाखूची चिमूट द्यावी तशी झोपेची गोळी देतात. मीही दिली आहे. कुणाला दिली, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो. एरवी मी बोलणाऱ्यातला नाही. माझी बायको सुमन म्हणते, "ह्यांच्याशी बोलण्यापरीस म्हशीशी बोललेलं बरं, ती मान तरी हालवती."

मी आटपाडी तालुक्यातला, धनगराच्या घरातला. वय पन्नाशीला टेकलेलं. फौजेतून हवालदार होऊन बाहेर पडलो आणि फलटणकडच्या एका साखर कारखान्यात गेटवर सिक्युरिटीला लागलो. मी आजारी पडलो तो कुठल्या जंतूमुळं नाही. गोळीनं पडलो. त्याहून जास्त, ती एकदम सोडल्यानं पडलो. आणि माझ्याबरोबर माझ्या आईला पाडलं.

चिठ्ठी

कारखान्यात पाळी दर आठवड्याला बदलते. एका आठवड्यात दिवसा झोपायचं, दुसऱ्यात रात्री. शरीराला कळेना झालं की नेमकं कधी मिटायचं. बरॅकमध्ये डोळे उघडे ठेवून पडून राहायचो. सुट्टीत तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मनगटालाही हात लावला नाही. "फौजी, टेन्शन घेता तुम्ही," म्हणाले आणि एक गोळी लिहून दिली. दहा दिवस घ्या म्हणाले. दहा दिवसांनंतर काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ही गोळी अंगाला लागते, ती बंद करायचीही एक रीत असते, एवढी दोन वाक्यं बोलायला किती वेळ लागला असता? बाहेर गर्दी होती हे खरं. पण गर्दी तर बसस्टँडवरही असते, म्हणून कंडक्टर तिकीट न देता सोडतो का?

पहिल्या गोळीनं अशी झोप लागली की उठल्यावर मला रडू आलं. हेही खरं आहे आणि लपवत नाही. ती गोळी मुळात वाईट नव्हती.

मग मेडिकल. पहिल्यांदा दुकानदारानं चिठ्ठी मागितली. दुसऱ्यांदा मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याला माझी फौजेची टोपी दिसली. "तुमाला कसली चिठ्ठी, फौजी! देशासाठी जागलाय तुमी." त्याच्या डोक्यामागं भिंतीवर पाटी होती, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध मिळणार नाही. त्या पाटीच्या चौकटीतच त्यानं उदबत्ती खोचली होती. मला त्या वेळी मान मिळाल्यासारखं वाटलं. छाती फुगवून पाकीट खिशात घातलं. आज तो मान आठवला की अंगाचा तिळपापड होतो. असला मान शत्रूलाही कुणी देऊ नये.

एकाच्या दोन झाल्या. पुढं दिवसा हात थरथरायला लागले की तेवढ्यापुरती अर्धी. मला कधी वाटलं नाही की हे व्यसन आहे. दारूला मी आयुष्यात शिवलो नाही. फौजेच्या कॅन्टीनची बाटली मिळायची ती थेट दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला जायची. बाटली नाही, वास नाही, शिवीगाळ नाही, मग व्यसन कसलं? औषध घेतो, असंच मी म्हणायचो.

एका दुपारी गेटवरच्या खुर्चीत झोपलो. समोर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, हॉर्नवर हॉर्न, आणि मी तोंड उघडं टाकून. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. साहेबांनी चार शब्द सुनावून मला घरी पाठवलं.

भंडारा

घरी दाजींनी झडती घ्यावी तशी विचारपूस केली.

"कवापासनं खातुयास?"

"झाली तीन वर्सं."

"आरं गड्या, फौजेत गोळीला भ्याला न्हाईस, आन हिथं मेडिकलच्या गोळीनं आडवा पडलास व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. दाजींनी गावातल्या पुष्कळांची दारू सोडवली आहे. रीत एकच. बिरोबासमोर न्यायचं, हातात भंडारा द्यायचा, देवाची ती हळद मुठीत धरून शपथ घ्यायला लावायची. आमच्याकडं भंडारा उचलून बोललेला शब्द मोडत नाहीत. मोडला तर ज्याच्या नावानं उचलला त्याच्यावर देव कोपतो, असं लहानपणापासून ऐकलेलं. दाजी म्हणाले, "आपल्यात अर्धं-मुर्धं न्हाई. आज उचलायचा, आजच तोडायची. हळूहळू सोडतु म्हणणारा कवाच सोडत न्हाई."

हे वाक्य मला फार आवडलं होतं. फौजी माणसाला आवडावं असंच आहे. आज ते वाक्य ऐकलं की कानाखाली आवाज काढावासा वाटतो, आधी स्वतःच्या.

देवळात आई खांबाला टेकून बसली होती. सुमन होती, माझी बहीण आक्का होती, शेजारपाजार होता. दाजी सांगत गेले, मी म्हणत गेलो. "आजपासनं पुन्यांदा गोळी त्वांडात घातली, तर माझ्या आयेचं..." इथं मी अडकलो. दाजी ओरडले, "म्हण की रं, लाजतुस कशाला!" मी म्हणालो. आईनं पदर सारखा केला. तिला कुणी काही विचारलं नाही.

घरी येऊन पेटीतली, बॅगेतली सगळी पाकिटं चुलीत घातली. कोनाड्यातल्या डबीतली एक पट्टीही घातली. ती आईची होती.

गुडघ्याची गोळी

आता ते सांगतो.

कारखाना बंद असतो त्या महिन्यांत मी घरी यायचो. आई म्हातारी, तिची झोप पाखरासारखी. उठून बसायची, मेंढरं कधीच विकलेली असताना त्यांना हाका मारायची, भांडी हलवायची. मी तिच्यावर वसकन ओरडायचो आणि मग लाज वाटायची. एकदा माझ्याच पाकिटातली अर्धी गोळी तिला दिली. "ही गुडघ्याची हाय, आये." तिनं माझ्या तोंडाकडं बघत गिळली. घर शांत झालं. मग रोजचंच झालं. कामावर जाताना मी सुमनकडं पट्टी देऊन जायचो, "आयेला दुधाबरोबर देत जा, गुडघ्याची." सुमन वर्षभर न चुकता देत होती. आई सकाळी धडपडत चालायची, एकदा उंबऱ्यावर पडलीही. आम्ही म्हणालो, वय झालं.

म्हाताऱ्या माणसाला ही गोळी किती जड जाते, तोल जातो, विसरायला होतं, हे मला माहीत नव्हतं. पण ती गुडघ्याची नाही, हे तर माहीत होतं ना? अज्ञानाची सबब मला तिथं लागू होत नाही.

भंडारा उचलल्याच्या दुसऱ्या दिवशी सुमन कोनाडा चाचपत म्हणाली, "आत्यांची गोळी घावंना झालीया." मी म्हणालो, "दुसरी आणू." आणि आणली नाही. म्हटलं, माझी सुटली, तिचीही सुटली. मोकळं झालं.

फीट

पहिल्या दिवशी मी वाघ होतो. दुसऱ्या दिवशी अंगातून घामाच्या धारा. ताटलीवर वाटी आपटली तर छातीत धस्स व्हायचं. ऊन डोळ्यांत टोचायचं. दाजी म्हणाले, "इख भाईर पडतंय, पडू दे." तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या टाकीपाशी उभा होतो एवढं आठवतं. नंतरचं सुमन सांगते. ताठ झालो, पडलो, हातपाय झाडले, तोंडातून रक्त. कुणी कांदा फोडला, कुणी चप्पल हुंगवली. शुद्ध आली तेव्हा जीपमध्ये होतो आणि जीभ सुजून तोंडात मावत नव्हती.

तालुक्याला इंजेक्शन देऊन सांगलीला पाठवलं. वॉर्डात मनोविकाराच्या डॉक्टर मॅडम आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. मनोविकार हा शब्द ऐकूनच मी भिंतीकडं तोंड केलं. त्यांनी विचारलं, काम काय करता? सुमननं सांगितलं, गेटवर असतात.

"मग तुम्हाला लगेच कळेल," मॅडम म्हणाल्या. "मेंदूला शांत ठेवायला मेंदूचे स्वतःचे पहारेकरी असतात. गोळी म्हणजे बाहेरून आणलेले जास्तीचे पहारेकरी. ते रोज यायला लागले की घरचे ढिले पडतात, रजेवर जातात. तुम्ही काय केलं, बाहेरच्यांना एका दिवसात काढून टाकलं. घरचे अजून परत यायचेत. गेट सताड उघडं. मग जो धुडगूस झाला ती फीट. माणूस यात जातो, काका. रोज पिणाऱ्याला दारूही अशी एकदम सोडायला लावू नये. आता गोळी पुन्हा सुरू करायची आणि थोडी थोडी कमी करत न्यायची. महिने लागतील."

तीन वर्षं गोळी खाल्ली. एवढं समजावून सांगायला कुणी भेटलं ते जीभ फाटल्यावर.

पण मी भंडारा उचलला होता. नर्सनं दिलेली गोळी जिभेखाली धरायचो आणि ती वळली की उशीखाली थुंकायचो. दुसऱ्याच वेळी तिनं उशी उचलली. "मिलिटरीत हेच शिकवलं का?" म्हणाली आणि घोट गिळेपर्यंत समोर उभी राहिली. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या आईनं सुमनला निम्मी भाकरी आणि पिठलं दिलं, काही न विचारता. त्या दिवसांतलं एवढंच गोड आठवतं.

फोन

दुसऱ्या सकाळी दाजींचा फोन आला. सुमननं स्पीकर लावला.

"म्हादा, तिथं गोळी घेतलीस काय रं?"

मी सुमनकडं बघितलं.

"घेतलीस नव्हं? हिकडं आयेला भरम झालाय. कालधरनं डोळ्याला डोळा न्हाई. भितीवर मुंग्या चालल्यात म्हणती. मला वळखंना. भंडारा फिरला गड्या!"

मागून आक्काचा आवाज आला. "सुमे, तूच दिलीस नव्हं त्येला गोळी? नवऱ्याला गोळी चारून सासू मारतीस व्हय गं?"

सुमन फोनवर वाकली. "वन्सं, डाक्टरनी दिली वं. म्या काय..."

"उद्या सकाळी आयेला देवाच्या पायावर घालतोय," दाजी म्हणाले. "तू आजपासनं गोळी बंद कर. माफी माग. उतरंल."

फोन बंद झाला. सुमन पदर तोंडात कोंबून रडत होती आणि मला सगळं कळलेलं होतं. न झोपणं, थरथर, नसलेलं दिसणं. आईचेही घरचे पहारेकरी रजेवर होते. मी त्या एका पट्टीबरोबर तिचंही गेट उघडं टाकलं होतं. सबंध दवाखान्यात, सबंध गावात हे जाणणारा मी एकटा होतो.

आणि मी बोललो नाही. सकाळचा चहा आला, दुपारचं जेवण आलं, नाडी बघून गेले, फरशी पुसून झाली. जेवणाच्या ताटाकडं बघत मी हिशेब करत होतो की लोक काय म्हणतील. आईला गुंगीची गोळी चारणारा फौजी. तिकडं ती माझी आई मुंग्यांना भिऊन कोपऱ्यात सरकत होती आणि मी इथं अब्रू सांभाळत होतो. डॉक्टरवर रागावतो, मेडिकलवाल्यावर रागावतो, दाजींवर रागावतो. पण त्या एका दिवसाचा राग मी कुणावर काढू?

संध्याकाळी मॅडम फेरीला आल्या. सुमननं त्यांना विचारलं, "डाक्टर, ह्यांनी गोळी न्हाई घेतली तर चालंल का वं? घरी सासू लय शिक हाय." तिला स्वतःचा नवरा आणि सासू यातलं एक निवडायला लावलं होतं सगळ्यांनी मिळून, आणि ती हात जोडून उभी होती. तेव्हा माझं तोंड उघडलं.

"मॅडम, माझी आईपण हीच गोळी खात होती."

"किती दिवस?"

"वर्षभर. मीच देत होतो. गुडघ्याची म्हणून."

"आणि आता?"

"माझ्याबरोबरच बंद केली."

मॅडमनी हातातली फाईल खाटेवर आपटली. "आणि हे आत्ता सांगताय? गाडी करा. देऊळ नाही, दवाखाना. आत्ताच्या आत्ता."

मी सबंध वॉर्डासमोर फोन लावला. "दाजी, भंडाऱ्यानं न्हाई झालं. म्या केलं." आणि सांगितलं. दाजी एवढंच म्हणाले, "मग आमाला देवासमूर कशाला उभं ऱ्हाऊ दिलंस रं?" आणि आईला घेऊन निघाले.

सुमन फोन होईपर्यंत ऐकत होती. मग हलकेच म्हणाली, "माझ्या हातनं घालायला लावलंसा." त्यानंतर ती माझं सगळं करत होती, पाणी, कपडे, पाठ पुसणं. बोलली नाही.

आई

आईला आणलं तेव्हा ती हवेत लोकर कातत होती. बोटांत चाती नाही, धागा नाही, आणि हात बरोबर फिरत होते. मला बघून म्हणाली, "पाव्हणं, कुत्री बांधा, मेंढरं बुजत्यात." मी पाव्हणा झालो होतो.

तिला तीच गोळी अगदी बारीक मात्रेत पुन्हा सुरू केली, सलाईन लावलं, खाटेला कठडा लावला, खाटेशेजारी कुणीतरी सतत बसलेलं असावं असं सांगितलं. आक्का बसली. माझ्याकडं पाठ करून बसली. चार-पाच दिवसांनी आईनं माझं नाव घेतलं.

मॅडम म्हणाल्या, काय गोळी चालू आहे ते आजींना तुम्हीच सांगायचं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा माझं पोर म्हणून पोटाशी धरेल. तिनं तसलं काही केलं नाही.

"गुडघं दुखायचं कवाच थांबलं न्हाई," ती म्हणाली. "मी म्हणलं, पोरानं आणलीया, गुण न्हाई कसं म्हणू?" मग माझ्याकडं बघून, "आन माझ्या जीवाची शपथ घेतलीस तवा तरी मला इचारलंस व्हय रं?"

मी खाटेचा कठडा वर लावला.

जे सांगायचंय

त्यानंतर आम्ही दोघं मायलेक महिनोन्महिने गोळी कमी करत आलो. कधी एक पायरी उतरली की आठवडाभर जीव नकोसा व्हायचा, मग मॅडम तिथंच थांबवायच्या. त्याला कमीपणा मानायचा नाही हे शिकायला मला गोळी सोडण्याहून जास्त कष्ट पडले. माझी सुटली आहे. आईची अगदी शेवटाला आली आहे. झोप पूर्वीसारखी नाही. जेवढी लागते तेवढी माझी मला लागते. पाळीचं काम सोडलं, पगार कमी घेऊन दिवसाचं धरलं.

गावात लोक अजून गोळ्या वाटतात. परवा एकजण पारावर म्हणाला, बायकोला वर्षानुवर्षं चालू आहे, आता एका झटक्यात बंद करतो, बघतोच कशी झोपत नाही ते. मी उठून त्याचा हात धरला आणि सगळ्यांदेखत माझी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "तुझं येगळं हुतं रं." काही वेगळं नव्हतं! गोळी लिहून देणाऱ्याला विचारा, कधी थांबवायची आणि कशी. चालू असेल तर मनानं तोडू नका, ज्याला कळतं त्याच्याकडं जा. दारूवर घेऊ नका, श्वास बंद पडतो. ती घेऊन गाडीवर बसू नका. दुसऱ्याच्या तोंडात घालू नका, आईच्या तर नाहीच. आणि डॉक्टर विचारतील ते सगळं सांगा. घरात आणखी कुणी घेतं का, हे विचारलं नाही तरी सांगा. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्या आडोशाला मी एक सबंध दिवस लपलो होतो.

भंडारा मोडल्याचं मी पुजाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "द्येव काय मेडिकल चालवत न्हाई, म्हादबा. नारळ फोड आन डाक्टरचं ऐक." माझं बिरोबाशी भांडण नाही. त्याच्यासमोर उभं राहून खोटं झाकणारा मी होतो.

घरी आई गोळी सुमनच्या हातून घेते. आधी विचारते, "कशाची?" सुमन नाव, काम, मात्रा सगळं सांगते, मग गिळते. माझ्या हातून ती काहीच घेत नाही. खोकल्याची बाटली मी पुढं केली तरी "सुमन येऊ दे" म्हणते.

गेल्या महिन्यात सांगलीला दाखवायला नेलं होतं. मॅडमनी विचारलं, "आजी, झोप कशी आहे? चक्कर वगैरे?" आईनं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडं वळून बघितलं.

"म्हादा, तू जरा भाईर बस. मी सांगते त्यास्नी."

मी उठलो आणि बाहेर बाकावर जाऊन बसलो. दाराआडून तिचा आवाज येत होता. बरंच काही सांगत होती.